पशूंसाठी आशीर्वादाची उपासना : एक ऐतिहासिक मागोवा

असिसीकर संत फ्रान्सिस यांचा स्मरणदिन ४ ऑक्टोबर रोजी येतो. त्या सुमारास पाश्चात्त्य देशांतील अनेक ख्रिस्तमंदिरांत एक निराळी उपासना होत असते. भाविक आपापली कुत्री, मांजरे, पाखरे, ससे घेऊन मंदिराच्या प्रांगणात जमतात. शास्त्रवाचन होते, स्तोत्र गाइले जाते आणि धर्मगुरू प्रत्येक प्राण्यावर हात उंचावून अथवा पवित्र जल शिंपडून प्रार्थना करतात. भारतातील मोठ्या शहरांतही ही प्रथा आता अधूनमधून दृष्टीस पडू लागली आहे. तेव्हा आपल्या मंडळ्यांतील सेवकांपुढे आज ना उद्या हा प्रश्न उभा राहणार. कोणी कुत्रे घेऊन दाराशी आला आणि "याच्यासाठी प्रार्थना करा" असे म्हणाला, तर पाळकाने काय करावे?

या प्रश्नाला दोन उत्तरे चटकन सुचतात. एक म्हणजे हसून बाजूस सारणे. हे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, आत्म्यांच्या राखणदाराला इतका वेळ नाही, असे म्हणणे. दुसरे म्हणजे परदेशात चालते म्हणून आपणही चालू करणे. ही दोन्ही उत्तरे इतिहासाकडे न पाहता दिलेली आहेत, असे आम्हांस वाटते. या उपासनेमागे पुष्कळ शतके आहेत. तिच्यात खरा विश्वास आहे, खरी करुणा आहे आणि भोळ्या समजुतींची भेसळही आहे. ती भेसळ कोठे शिरली आणि ती कोणी निवडून काढली, हे समजून घेतल्यास सेवकाला आपला निर्णय अधिक शहाणपणाने करता येईल.

शास्त्रातील पाया

पवित्र शास्त्रातील पहिला आशीर्वाद मनुष्याला मिळालेला नाही, ही गोष्ट आपण उत्पत्तीचा पहिला अध्याय वारंवार वाचूनही विसरतो. पाचव्या दिवशी देवाने जलचर व पक्षी निर्माण केले आणि त्यांना फलद्रूप होण्याचा आशीर्वाद दिला (उत्पत्ती १:२२). मनुष्यावरील आशीर्वाद त्यानंतरचा आहे. जलप्रलयानंतर देवाने जो करार केला, तो केवळ नोहा व त्याचे वंशज यांच्याशी नव्हता; तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सजीव प्राण्याशीही तो होता (उत्पत्ती ९:९-१०). शब्बाथाच्या आज्ञेत गुराढोरांच्या विश्रांतीचा स्पष्ट उल्लेख आहे (निर्गम २०:१०). मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद २५:४). आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहणे हे नीतिमानाचे लक्षण म्हणून नीतिसूत्रांत नमूद आहे (१२:१०). योनाचा ग्रंथ तर निनवेतील गुराढोरांच्या उल्लेखावरच संपतो.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (९:९) प्रेषित पौल मळणीच्या बैलाचा नियम उद्धृत करून, देवाला बैलांचीच काळजी आहे काय, असा प्रश्न करतो. तेवढे वचन वेगळे काढून पशूंविषयीची सर्व आस्था निरर्थक ठरविण्याचा यत्न काहींनी केला आहे. परंतु पौलाच्या युक्तिवादाची चाल लहानाकडून मोठ्याकडे जाणारी आहे. बैलाचा हक्क जर नियमशास्त्र राखते, तर सुवार्तिकाचा हक्क किती अधिक राखला पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे. बैलाचा हक्कच नाकारला तर तो युक्तिवादही कोसळतो. प्रभू येशूने चिमण्यांविषयी सांगितले तेही याच रीतीचे आहे (लूक १२:६-७). एकही चिमणी देवाच्या विस्मरणात नाही आणि मनुष्य पुष्कळ चिमण्यांहून मोलवान आहे. या दोन विधानांपैकी एकच धरून दुसरे सोडले की शिक्षणाचा तोल जातो.

'आशीर्वाद' या शब्दाकडेही लक्ष द्यावयास हवे. इब्री भाषेत एकच धातू देव मनुष्याला आशीर्वाद देतो तेव्हाही येतो आणि मनुष्य देवाला धन्यवाद देतो तेव्हाही येतो. एखाद्या वस्तूवर आशीर्वाद उच्चारणे म्हणजे तिच्यात काही गूढ शक्ती भरणे नव्हे. तिच्यासाठी देवाला धन्य म्हणणे आणि तिचा योग्य उपयोग घडावा म्हणून त्याच्याकडे विनंती करणे होय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:४-५) देवाने निर्माण केलेले सर्व काही देवशब्द व प्रार्थना यांनी पवित्र होते, असे जे म्हटले आहे, त्याचा रोखही हाच आहे. पुढील सर्व इतिहासाला ही एक कसोटी आपण लावू.

दोन अंतोनी

ज्या संताच्या नावाने पशूंना आशीर्वाद देण्याची प्रथा युरोपात रूढ झाली, तो संत अंतोनी कोण? गोव्यातील आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे या नावासरशी पादुआचा संत अंतोनी उभा राहील. त्याचा सण १३ जून रोजी येतो आणि त्याची जीवितकथा १६५५ साली राचोल येथे छापली गेली. पण हा संत तो नव्हे. पशूंचा कैवारी मानला गेलेला अंतोनी इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी होता. त्याचा काळ सुमारे २५१ ते ३५६ आणि त्याचा सण १७ जानेवारी. आलेक्सांद्रियाचे बिशप अथनासियस यांनी त्याचे चरित्र लिहिले. त्यात एक लहानसा प्रसंग आहे. अंतोनीने डोंगराच्या पायथ्याशी थोडा भाजीपाला लावला होता. पाण्याला येणारी रानटी जनावरे तो तुडवीत. त्याने त्यांतील एकाला हळुवार धरून, मी तुमचे काही बिघडविले नसता तुम्ही माझे नुकसान का करता, असे विचारले आणि देवाच्या नावाने त्यांना निरोप दिला. चरित्रात डुक्कर कोठेही नाही. तरी मध्ययुगीन चित्रांत अंतोनीच्या पायांशी डुक्कर हमखास दिसते. ते आले कोठून?

त्याचे उत्तर इस्पितळाच्या इतिहासात आहे. फ्रान्सच्या दोफिने प्रांतात सुमारे १०९५ साली अंतोनीच्या नावाने शुश्रूषा करणारा एक बंधुसंघ निघाला. त्या काळी 'अंतोनीचा अग्नी' नावाच्या भयंकर रोगाने हातपाय काळे पडून झडत. राय या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे तो रोग होई, हे पुढे कळले. आपल्याकडे बाजरीवर पडणारा अरगट त्याच जातीचा होय. हे बंधू रोग्यांना चांगली भाकरी देत, जखमांना डुकराच्या चरबीचे मलम लावीत आणि मरणाऱ्यांची सोबत करीत. इस्पितळाच्या खर्चासाठी ते डुकरे पाळीत. अनेक नगरांत त्यांच्या डुकरांना गळ्यात घंटा बांधून रस्त्यांवर मोकळे चरण्याची मुभा असे. जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्ड यांची प्रसिद्ध वेदीचित्रे याच बंधूंच्या इझेनहाइम येथील मठासाठी सुमारे १५१२ ते १५१६ या काळात काढली गेली. त्यांतील ख्रिस्ताच्या देहावर रोग्यांना आपल्याच फोडांसारखे व्रण दिसत.

म्हणजे अंतोनीचे डुक्कर चमत्कारातून आलेले नाही. ते रोग्यांच्या सेवेतून आले. रोगी, भाकरी, चरबी, डुक्कर आणि प्रार्थना एकाच अंगणात होती. पुढे घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या यांचे मालकही १७ जानेवारीला आपली जनावरे घेऊन येऊ लागले. कारण ज्याचे जनावर मेले त्याचे घर बुडाले, ही त्या काळची वस्तुस्थिती होती. जर्मन कवी गटे १७८७ साली रोममध्ये असताना त्याने हा सण पाहिला. शेपट्या व आयाळी फितींनी सजविलेले घोडे आणि त्यांच्यावर मोठ्या कुंच्याने पाणी शिंपडणारे धर्मगुरू यांचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात केले आहे. आजही १७ जानेवारीला इटली, स्पेन व मेक्सिको या देशांत ही प्रथा चालू आहे.

जेथे भक्ती घसरली

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. तेराव्या शतकात बूरबोंचा स्तेफान नावाचा डॉमिनिकन उपदेशक लियों नगराच्या परिसरात फिरत होता. पापनिवेदन ऐकताना त्याच्या कानी आले की, खेड्यांतील स्त्रिया आपली आजारी मुले 'संत गीनफोर' यांच्या स्थानी नेतात. चौकशी केली तेव्हा हा संत म्हणजे एक शिकारी कुत्रा असल्याचे उघड झाले. कथा अशी की, मालकाच्या तान्ह्या बाळाला सापापासून वाचविताना कुत्र्याचे तोंड रक्ताने माखले. बाळालाच त्याने खाल्ले असे समजून मालकाने त्याला ठार केले आणि नंतर त्याला सत्य कळले. आपल्या वाचकांनी पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस यांची गोष्ट ओळखली असेलच. एकच कथा किती दूरवर पोहोचली आहे, हे पाहण्यासारखे आहे. स्तेफानने ते स्थान उद्ध्वस्त करविले आणि कुत्र्याची हाडे जाळविली. तरीही तेथील श्रद्धा कित्येक शतके टिकून राहिली.

ही कथा हास्यास्पद म्हणून सोडून देता येणार नाही. त्या स्त्रियांची मुले खरोखरच आजारी होती आणि त्यांच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. परंतु प्राण्यासाठी देवाची प्रार्थना करणे आणि प्राण्याची प्रार्थना करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सेवकाने शिक्षण दिले नाही, तर ते अंतर नकळत पुसले जाते.

फ्रान्सिस यांचे पशुप्रेम

अंतोनीनंतर नाव येते ते असिसीकर फ्रान्सिस (निधन १२२६) यांचे. पाखरांना त्यांनी केलेला उपदेश सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे चरित्रकार चेलानोचे तोमासो यांनी सांगितलेली दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. सम्राटाशी बोलण्याची संधी मिळाली तर ख्रिस्तजन्माच्या दिवशी रस्त्यांवर पाखरांसाठी दाणे टाकावेत, असा कायदा करण्याची विनंती आपण करू, असे फ्रान्सिस म्हणत. त्या दिवशी बैल व गाढव यांना नेहमीपेक्षा अधिक चारा मिळावा आणि श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, अशीही त्यांची इच्छा असे. पाखरे, गोठ्यातील जनावरे आणि उपाशी माणसे अशी तिघांची आठवण त्यांना एकाच वेळी होत असे. १२२३ साली ग्रेच्चो येथे त्यांनी गव्हाणीपाशी खरा बैल व खरे गाढव उभे करून नाताळची उपासना केली, तीही याच भावनेने. फ्रान्सिस यांच्या पशुप्रेमातून त्यांचे दारिद्र्यव्रत वगळले, तर उरते ते केवळ गोड चित्र.

प्रार्थना आणि उपाय

पशूंवरील आशीर्वाद म्हणजे औषधोपचार टाळण्याचा मार्ग, असा आक्षेप घेतला जातो. इतिहास याबाबतीत काय सांगतो? १७११ ते १७१४ या काळात इटलीत गुरांची मोठी साथ पसरली. आपल्याकडे तिला बुळकांडी म्हणत. पोप अकरावे क्लेमेंत यांचे वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चीसी यांनी रोगट जनावरे मारून पुरावीत, निरोगी जनावरांपासून ती अलग ठेवावीत आणि गुरांची ने-आण बंद करावी, असा कठोर सल्ला दिला. पशुवैद्यकाच्या इतिहासात तो पायाभूत मानला जातो. आजारी जनावरांसाठी प्रार्थना शिकविणाऱ्या ख्रिस्तसभेच्या केंद्रातच हा सल्ला दिला गेला. याच बुळकांडीच्या संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात एक सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ साली मुक्तेश्वरला हलविण्यात आली. अखेर २०११ साली या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांची ती प्रार्थना लस टोचणाऱ्यांच्या हातांनी पुरी झाली, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

धर्मसुधारणा आणि नंतर

सोळाव्या शतकातील सुधारकांनी वस्तूंवरील आशीर्वादांची कडक तपासणी केली. मार्टिन ल्यूथर यांनी १५३७ सालच्या आपल्या विश्वासलेखात घंटांचा बाप्तिस्मा वगैरे प्रकारांची निर्भर्त्सना केली. जेथे देवशब्द नाही तेथे विधी पोकळ आहे, हा त्यांचा मुद्दा आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यामुळे प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून हा विधी बहुतेक नाहीसा झाला. पण पशूंविषयीचे चिंतन नाहीसे झाले नाही. जॉन वेस्ली यांनी १७८१ साली रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर एक प्रवचन लिहिले. कण्हणाऱ्या सृष्टीच्या मुक्ततेत पशूंनाही वाटा असेल, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली. १८२४ साली लंडन येथे आर्थर ब्रूम या अँग्लिकन धर्मगुरूंच्या पुढाकाराने पशुक्रूरता-निवारण संस्था स्थापन झाली. संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगवासही भोगावा लागला. त्याच धर्तीची संस्था मुंबईत १८७४ साली निघाली. म्हणजे एका परंपरेने पशूंवर पवित्र जल शिंपडले आणि दुसरीने त्यांच्यासाठी कायदा मागितला. या दोहोंची एकमेकांना गरज आहे.

विसाव्या शतकात या उपासनेचे रूप पालटले. शेतीत यंत्रे आली, घोडे व बैल शहरांतून दिसेनासे झाले आणि विधीत पाळीव प्राण्यांना प्राधान्य मिळाले. लॉस एंजेलिस येथे मेक्सिकन वस्तीत १९३० सालापासून पुनरुत्थानदिनाच्या आदल्या शनिवारी पशूंची मिरवणूक निघते. न्यूयॉर्क येथील संत योहानाच्या अँग्लिकन परंपरेच्या कॅथीड्रलमध्ये १९८५ पासून फ्रान्सिस यांच्या सणाला अशी उपासना होते आणि तीत हत्ती-उंटही आलेले आहेत. रोमन परंपरेत १६१४ सालच्या विधिग्रंथाच्या उत्तरकालीन आवृत्त्यांत घोडे, आजारी जनावरे, मधमाश्या, रेशमाचे किडे यांच्यासाठी स्वतंत्र प्रार्थना होत्या. द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या आदेशानुसार १९८४ साली आशीर्वादांचा नवा ग्रंथ निघाला, तेव्हा पशूंवरील आशीर्वाद कायम राहिला. मात्र त्याची मांडणी बदलली. आधी देवाची स्तुती, मग शास्त्रवाचन, मध्यस्थीच्या विनंत्या आणि शेवटी आशीर्वादाची प्रार्थना, असा क्रम आला. धर्मगुरू वा दीक्षित सेवक नसता श्रद्धावंत व्यक्तीलाही हा विधी चालविण्याची मुभा देण्यात आली. धर्मशिक्षकांनी याची नोंद घ्यावी. वरील कसोटीला हा नवा क्रम उतरतो, हे कोणत्याही परंपरेतील वाचकास मान्य व्हावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले, तो विचार असिसीकरांच्याच वळणाचा आहे.

आपल्या भूमीत

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. मराठी मुलखात बैलांचा सण जुना आहे. विदर्भ-मराठवाड्यात व खानदेशात पोळा, तर बेळगाव-कोल्हापूरकडे बेंदूर. त्या दिवशी बैलाला जुंपीत नाहीत, त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, शिंगे रंगवितात, अंगावर झूल घालतात आणि पुरणपोळी चारतात. ख्रिस्ती शेतकऱ्याने या दिवशी काय करावे, हा प्रश्न आपल्या खेड्यांतील उपदेशकांना पिढ्यान् पिढ्या पडत आला आहे. बैलाची पूजा तो करणार नाही, हे स्पष्ट आहे. पण बैलाला विश्रांती देणे, त्याची मळलेली मान चोळणे, त्याला पोटभर चारणे यांत शब्बाथाच्या आज्ञेविरुद्ध काय आहे? उलट ती आज्ञाच तेथे पाळली जाते.

तथापि या सणाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी मौन बाळगणे बरोबर नाही. पोळ्याच्या मिरवणुकीत कोणाची जोडी पुढे आणि कोणाची मागे, हे गावच्या उतरंडीवरून ठरे. पाटलाच्या जोडीचा मान पहिला. ज्या समाजांतून आपल्या अनेक मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांचा पशूंशी संबंध निराळ्याच प्रकारे लादलेला होता. सणाच्या दिवशी सजलेला बैल दुसऱ्याचा आणि तोच मेल्यावर ओढून नेण्याचे काम मात्र यांचे. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याची हाक दिली, तेव्हा तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. ख्रिस्ती झालेल्या आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांनीही त्याच भावनेने ते काम टाकले. अशा मंडळीपुढे पशूंच्या आशीर्वादाची गोष्ट काढताना सेवकाने हे स्मरण ठेवावे. जिच्या आजोबाला माणूस म्हणून मंदिरात वा पाणवठ्यावर जागा नव्हती, तिला शहरातील कुत्र्याला ख्रिस्तमंदिरात मिळणारे स्वागत पाहून काय वाटेल? तिच्या मनातील वेदना चुकीची नाही. मनुष्य पुष्कळ चिमण्यांहून मोलवान आहे, हे वचन प्रथम तिच्यासाठी आहे.

यास्तव आमच्या सेवकबंधुभगिनींपुढे काही विचार नम्रपणे ठेवतो. अशी उपासना ठेवावयाची असल्यास ती कोणा एका थराची होऊ नये. बंगल्यातील कुत्र्याबरोबर विधवेची शेळी, टांगेवाल्याचा घोडा, शेतकऱ्याची बैलजोडी यांना सारखेच बोलावणे असावे आणि कोणाची जोडी पुढे हा प्रश्नच उद्भवू नये. उपासनेचा गाभा देवशब्द असावा. उत्पत्तीचा पहिला व नववा अध्याय, स्तोत्र १०४, रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय यांतून वाचन व्हावे. प्रार्थना देवाची, प्राण्यासाठी आणि मालकासाठी असावी. त्या प्राण्याला दया मिळावी आणि मालकाला ती करण्याची बुद्धी व्हावी, अशी ती असावी. बोलताना पाळकाने ओझे, चाबूक, भाकड गायीची उपेक्षा, दाव्याला बांधून उपाशी ठेवलेले जनावर यांविषयीही बोलावे. शक्य असेल तेथे त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलावून लस टोचण्याची सोय करावी; त्यामुळे प्रार्थनेचा अर्थ खेडुतांना प्रवचनाशिवायही कळेल. आणि अर्पण जमल्यास ते मंडळीतील गरिबांच्या कामी लावावे.

एक प्रसंग मात्र उपासनेपेक्षाही नाजूक असतो. एखाद्या एकाकी वृद्धाचे वा लहान मुलाचे आवडते जनावर मरते आणि ते स्वर्गात भेटेल काय, असे पाळकाला विचारले जाते. थोर तत्त्ववेत्ते तोमा अक्वीनास यांनी पशूंच्या आत्म्याला अमरत्व नाही असे म्हटले, वेस्ली यांनी त्यांच्या मुक्ततेची आशा बाळगली. शास्त्र जेथे थांबते त्यापुढे जाऊन वचन देण्याचा अधिकार सेवकाला नाही. मात्र मुलाच्या दुःखाला क्षुल्लक म्हणण्याचाही त्याला अधिकार नाही. ज्या देवाने चिमणीला विस्मरणात टाकले नाही त्याच्या हाती ते जनावर सोपवावे, एवढे तो खात्रीने सांगू शकतो. आणि त्या घरी थोडा वेळ बसू शकतो.